कूटचलन, रुपयाचा प्रश्न आणि आपण

क्रिप्टोचलनाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतांशी दोन प्रकारचे असते. एक, श्रीमंतीची किल्ली सापडल्याच्या थाटातला प्रचार. दुसरा, हा शुद्ध जुगार आहे, पोरांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, असा पांढरपेशा वडीलधाऱ्याच्या सुरातला उपदेश. पहिल्या प्रकाराची येथे दखल घेण्याचे कारण नाही. त्याचा शेवट बहुधा पोलिसांच्या दप्तरात होतो. दुसऱ्या प्रकाराची दखल मात्र घेतली पाहिजे. तो टीका म्हणून पुढे येतो, आणि टीकाकार कोणत्या जागेवर उभा राहून बोलतो हे विचारण्याची सवय आपल्या चळवळीने आपल्याला लावली आहे.

अलीकडे त्यात तिसऱ्या प्रकाराची भर पडली आहे आणि तो थेट आपल्या घरातला आहे. बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच बिटकॉइनची कल्पना मांडली होती, अशा अर्थाचे संदेश निळ्या पार्श्वभूमीवर, त्यांच्या छायाचित्रासह, आपल्या पोरांच्या मोबाइलवर फिरत असतात. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी मला सरळ म्हणाला, "सर, बाबासाहेब असते तर त्यांनी बिटकॉइनच घेतले असते ना?" त्याने शिष्यवृत्तीच्या पैशातून काही घेऊन ठेवले होते. प्रश्न निरागस होता, पण त्याच्यामागे वर्षभराच्या खानावळीचे पैसे होते. म्हणून हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. क्रिप्टोचलनावरची टीका कुठे न्याय्य आहे आणि कुठे नुसती वरच्या आळीची खोड आहे, हे आपण आपल्या जागेवरून तपासले पाहिजे.

शब्दापासूनच सुरुवात करू. काही जण याला 'कूटचलन' म्हणतात. कूट म्हणजे सांकेतिक, हा अर्थ येथे अभिप्रेत आहे. पण कूटसाक्षी म्हणजे खोटी साक्ष देणारा आणि कूटलेख म्हणजे बनावट दस्त, हेही त्याच शब्दाचे संसार. 'आभासी चलन' या नावातही निकाल आधीच लागून गेलेला आहे. नाव ठेवतानाच निवाडा उरकून टाकण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. कचरू, दगडू, धोंडी ही नावे ज्यांच्या घरांत होती त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. मी शीर्षकात 'कूटचलन' हाच शब्द ठेवला आहे, तो त्याचे दोन्ही अर्थ डोळ्यांपुढे राहावेत म्हणून.

वस्तू काय आहे ते थोडक्यात सांगतो. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या कोणी एकाने, किंवा अनेकांनी, ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे पहिले पान लिहिले गेले. 'पान' हा शब्द मी जाणून वापरतो, कारण बिटकॉइन ही मुळात एक वही आहे. कोणी कोणाला किती दिले याच्या नोंदीची वही. तिची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असते, दर दहा मिनिटांच्या सुमारास तिला नवे पान जोडले जाते, आणि मागचे पान एकट्याने खोडता येत नाही. पान जोडण्याचा मान मिळवण्यासाठी संगणकांना प्रचंड आकडेमोड करावी लागते आणि ती करणाऱ्याला नवी नाणी मिळतात. सुरुवातीला एका पानामागे ५० नाणी मिळत. सुमारे दर चार वर्षांनी ती निम्मी होत एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर आली. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत असा नियम आहे. पहिल्या पानात त्या दिवशीच्या लंडन टाइम्सचा मथळा कोरलेला आहे. बुडत्या बँकांना सरकार पुन्हा हात देणार, अशी ती बातमी होती. तेव्हा या चलनाचा जन्म बँका आणि सरकार यांच्या संगनमताच्या रागातून झाला, हे मान्य केले पाहिजे.

वहीविषयीचा राग महाराष्ट्राला परका नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जाच्या कागदांवर होता. खते, रोखे, दस्तऐवज काढून त्यांनी होळी केली. ज्याचा अंगठा घेतला जाई त्याला ते पान वाचता येत नसे, आणि ज्याला वाचता येई तोच ते लिहीत असे. त्या उठावानंतर १८७९ मध्ये सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. वही एकाच्या हाती नको, सर्वांसमोर उघडी हवी, ही मागणी म्हणून मुळात न्याय्य आहे, आणि बिटकॉइनवर टीका करणाऱ्या फार थोड्यांनी तिचा न्याय्यपणा मान्य केला आहे. उघडी वही वाचता येणारे किती, हा प्रश्न मात्र तिच्या भक्तांना विचारला पाहिजे. अंगठा जाऊन आता सहीच्या जागी बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची गुप्त किल्ली आली आहे. ती हरवली की कोणत्याही कचेरीत अर्ज करता येत नाही.

आता प्रचलित आक्षेपांकडे वळू.

सर्वांत लोकप्रिय आक्षेप हा की याच्यामागे काहीच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तत्कालीन गव्हर्नरांनी, शक्तिकांत दास यांनी, या मालमत्तेला ट्यूलिपच्या फुलाइतकाही आधार नाही अशा आशयाचे विधान केले आणि ते वर्तमानपत्रांतून गाजले. हा आक्षेप मला अपुरा वाटतो. आपल्या खिशातल्या नोटेमागे तरी सोने कुठे आहे? नोट चालते, कारण सरकार कर तिच्यातच घेते आणि कायदा ती नाकारू देत नाही. तिच्यामागे सत्ता आहे. ही सत्ता काय करू शकते ते आपण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाहिले. चलनातल्या मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के नोटा एका भाषणाने कागद झाल्या. पुढे रिझर्व्ह बँकेच्याच अहवालाने सांगितले की ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम परत आली. म्हणजे काळा पैसा बाहेर राहिला नाही. रांगेत राहिली ती रोजंदारीवरची माणसे. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय वैध ठरवला, हेही नोंदवले पाहिजे. तेव्हा क्रिप्टोचलनाला आधार नाही असे म्हणणाऱ्याने आधार कशाला म्हणतात ते आधी सांगावे. त्याच्यामागे सत्ता नाही एवढेच खरे आहे, आणि सत्ता नसणे ही काहींना उणीव वाटते, काहींना गुण.

दुसरा आक्षेप, ही साखळी फसवणूक आहे. येथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. साखळी योजनेत कोणीतरी ठरावीक परताव्याचे वचन देतो आणि मागून येणाऱ्यांच्या पैशातून आधीच्यांचे देणे भागवतो. बिटकॉइनच्या वहीने कोणाला काही वचन दिलेले नाही. वचन देतात ते तिच्या नावावर दुकान थाटणारे. महाराष्ट्राला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेने अठरा महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवले आणि तिचा सूत्रधार म्हणून अमित भारद्वाज यास २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. पुढचा भाग अधिक बोलका आहे. तपासाला साहाय्य म्हणून ज्या तज्ज्ञांना बोलावले होते, त्यांच्यापैकी दोघांनाच २०२२ मध्ये त्यातले चलन परस्पर वळवल्याच्या आरोपाखाली अटक झाली. साखळी फसवणूक हा आरोप अशा योजनांवर पूर्णपणे न्याय्य आहे. मूळ वहीवर तो जसाच्या तसा लागू पडत नाही. मात्र वहीच्या भक्तांनी एवढ्यावर हात झटकू नयेत. जी वस्तू स्वतः काही पिकवत नाही, भाडे देत नाही, व्याज देत नाही, तिच्यात नफा मिळतो तो नंतर येणारा अधिक किंमत देतो म्हणूनच. वचन नसले तरी ओढ तीच आहे.

तिसरा आक्षेप, हे गुन्हेगारांचे चलन आहे, कारण त्यात माणूस ओळखू येत नाही. हा आक्षेप वस्तुस्थितीलाही धरून नाही आणि आपल्या दृष्टीने तर तो फार विचार न करता केलेला आहे.

वस्तुस्थिती अशी की वही उघडी असल्याने माग काढता येतो. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या बाजारातून १ लाख १९ हजारांवर बिटकॉइन चोरीला गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांतले सुमारे ९४ हजार हस्तगत केले. रोख रकमेच्या बाबतीत असे घडल्याचे मला आठवत नाही. गुन्हेगार हे चलन वापरतात, खंडणीखोर तर फारच वापरतात. पण गुन्हेगार मोटारीही वापरतात.

याहून महत्त्वाचे दुसरे आहे. माणूस ओळखू न येणे हे फक्त चोराला हवे असते, असे कोणाला वाटेल? ज्याला ओळख लपवावी लागली नाही त्याला. गावगाड्यात आपल्या कामाचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, धान्याच्या आणि शिळ्यापाक्याच्या रूपाने मिळे. तो कोणाच्या दारातून आला आणि कोणाच्या पदरात पडला हे साऱ्या गावाला ठाऊक असे. त्या तुलनेत गिरणीतला पगाराचा रोख रुपया ही मुक्ती होती, कारण रुपया कोणाच्या हातून आला ते सांगत नाही. गावचे दुकानदार तोही जमिनीवर ठेवायला लावत आणि पाणी शिंपडून उचलत, हे आपल्या आत्मकथनांनी नोंदवून ठेवले आहे. म्हणजे वरच्या जातीलाही हे कळत होते की नाण्याला स्वतःची जात नसते. ती त्याला मागाहून चिकटवावी लागते. आजही घर भाड्याने घेताना, कर्जाचा अर्ज भरताना, आडनाव आधी वाचले जाते आणि उरलेले रकाने मग. आमच्या घरातले पहिले बँक पासबुक माझ्या शिष्यवृत्तीसाठी उघडले गेले. त्या वेळी खिडकीपलीकडच्या माणसाने अर्जावर नजर टाकून "स्कॉलरशिपवाले पलीकडे" असे जे म्हटले त्यात शिवी नव्हती. शिवीची गरजही नव्हती. बिटकॉइनच्या पत्त्याला आडनाव नसते. आपल्या तरुणाला याची ओढ वाटते ती निव्वळ पैशासाठी आहे असे समजणे हे त्याला न समजणे आहे.

ही ओढ पुरी होते का? बहुधा नाही. प्रत्यक्षात आपला मुलगा वहीपर्यंत जातच नाही. तो एखाद्या बाजाराच्या ॲपवर जातो, तेथे पॅन आणि आधार देतो, बँक खाते जोडतो. आडनाव दारातच पुन्हा हजर होते.

याच संदर्भात नायजेरियाचे उदाहरण आपल्या चळवळीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तेथे पोलिसी अत्याचारांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. आंदोलनासाठी वर्गणी जमवणाऱ्या फेमिनिस्ट कोअ‍ॅलिशन या स्त्रियांच्या संघटनेचे बँकेचे मार्ग बंद झाले, तेव्हा त्यांनी बिटकॉइनमध्ये मदत घेतली. जखमींचे उपचार, अटक झालेल्यांचे वकील, अन्न, यांवर पैसा खर्च झाला. काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, तेथील मध्यवर्ती बँकेने सर्व बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला; तो २०२३ च्या डिसेंबरमध्ये उठला. ज्याच्या हाती खाते गोठवण्याची कळ आहे त्याच्याविरुद्ध मोर्चा काढणाऱ्याला या चलनाचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. आपल्या विचारवंतांनी हे उदाहरण न पाहता 'गुन्हेगारांचे चलन' म्हणून हात वर करावेत याचे मला नवल वाटते.

येथवर मी आक्षेपांची धार कमी केली. आता ज्या टीकेला मला उत्तर सापडत नाही तिच्याकडे येतो, आणि त्यासाठी बाबासाहेबांच्याच ग्रंथाकडे जावे लागते.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली मूळ भूमिका अशी: १८९३ मध्ये टांकसाळी लोकांना बंद झाल्यावर रुपया सरकारच्या मर्जीवर चालू लागला, सुवर्ण विनिमय परिमाण या नावाखाली सरकारला हवे तितके रुपये पाडण्याची मोकळीक मिळाली, आणि त्यामुळे रुपयाची क्रयशक्ती घसरली. केन्सने १९१३ च्या आपल्या पुस्तकात याच पद्धतीची तरफदारी केली होती. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात रुपये पाडणे कायमचे थांबवावे, सोन्याची टांकसाळ उघडावी आणि दोन्ही नाणी चालू ठेवावीत असे सुचवले. त्यांचे एक कारण आजही ताजे आहे. खाजगी बँकेने चलनात अविचार केला तर तोटा तिला स्वतःला भोगावा लागतो. सरकारात निर्णय घेणाऱ्या माणसाच्या खिशाला त्याची झळ लागत नाही. म्हणून सरकारच्या विवेकावर सोडलेले चलन त्यांना नको होते.

आपल्या पोरांच्या मोबाइलवरचा संदेश येथेच थांबतो. सरकारवर अविश्वास, नाण्यांवर मर्यादा, म्हणजे बिटकॉइन! (रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली हे विधानही असेच घाईचे आहे. ते आयोगापुढे गेले, आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, कायदा १९३४ चा आणि बँक १ एप्रिल १९३५ ची. या साखळीत त्यांचे स्थान आहे. ते फुगवून सांगितल्याने वाढत नाही.) पण मर्यादा हे बाबासाहेबांचे साध्य नव्हते. साध्य होते क्रयशक्तीचे स्थैर्य. आणि स्थैर्य कोणासाठी? रुपयाचा विनिमय दर उतरला की निर्यातदाराला फायदा होतो असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले की हा फायदा देशाचा नाही. भाव चढतात तसे मजुराचे वेतन चढत नाही, आणि मधला फरक व्यापाऱ्याच्या पेटीत जातो. चलनाच्या तांत्रिक वादात वेतनाचा प्रश्न त्यांनी असा आणून ठेवला. चलन कोणाच्या पेटीत जाते हीच त्यांची कसोटी होती.

त्या कसोटीवर बिटकॉइन टिकत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची किंमत ६८ हजार डॉलरच्या वर गेली होती, एका वर्षात ती १६ हजारांच्या आसपास आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने १ लाखाचा टप्पा ओलांडला. वाढले हे चांगलेच झाले असे कोणी म्हणेल. पण ज्यात पगार घ्यायचा, वाण्याची उधारी फेडायची, त्याची क्रयशक्ती वर्षात चौथाईवर येत असेल तर ते मजुराचे चलन होऊ शकत नाही. एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१ मध्ये ते कायदेशीर चलन केले. सरकारी ॲप उतरवून घेणाऱ्याला ३० डॉलरचे बक्षीस होते. लोकांनी बक्षीस खर्च केले आणि बहुतेकांनी ॲप सोडून दिले. जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जासाठी ते स्वीकारण्याची सक्तीही कायद्यातून गेली.

दुसरी गोष्ट मला अधिक खुपते. ज्या पैशाची संख्या बांधलेली असते त्यात, माल वाढत गेला की पैसा महाग होतो. पैसा महाग झाला की कर्ज जड होते. ज्याच्याकडे आधीपासून पैसा आहे तो नुसता बसून श्रीमंत होतो. ज्याने घेतला आहे त्याला परतफेडीसाठी अधिक राबावे लागते. अमेरिकेत १८९६ च्या निवडणुकीत विल्यम जेनिंग्ज ब्रायनच्या मागे कर्जबाजारी शेतकरी उभे राहिले ते सोन्याच्या याच जाचाविरुद्ध. आपला समाज धनको आहे की ऋणको? संख्या बांधलेल्या पैशाचे स्तोत्र गाणाऱ्या आपल्या तरुण मित्रांनी आपल्या आजोबांच्या नावावरची खते आठवावीत. बाबासाहेबांच्या काळी समोर परकी सरकार होते, पर्याय सोने होता, आणि सोने निदान खाणीतून येत राहते. त्यांचा १९२३ चा उपाय २ कोटी १० लाखांच्या आकड्याला चिकटवणे म्हणजे त्यांचे निदान टाकून औषधाची बाटली पूजणे होय.

आणि पहिल्या पानांचे काय? नाकामोतोकडे सुमारे दहा लाख नाणी असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ज्या वर्षी एका पानामागे ५० नाणी मिळत होती त्या वर्षी ज्याच्या टेबलावर चांगला संगणक, स्वस्त वीज आणि इंग्रजी वाचण्याची फुरसत होती त्याला ती मिळाली. त्यात लबाडी नव्हती. वतनातही पहिल्या दिवशी लबाडी असतेच असे नाही. दोष असा की पहिल्या दिवसाची वाटणी पुढच्या सगळ्या दिवसांवर राज्य करते. इथीरियम या दुसऱ्या मोठ्या चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये आकडेमोडीची पद्धत सोडून ठेवीची पद्धत स्वीकारली. त्याने विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला, हे चांगलेच झाले. पण आता ज्याची ठेव मोठी त्याला पान लिहिण्याचा मान अधिक वेळा मिळतो. हे वतनदाराला चटकन समजेल.

इथीरियमचीच एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. संगणकाची संहिता हाच कायदा, माणसाच्या मर्जीला जागा नाही, असा या मंडळींचा डांगोरा होता. जून २०१६ मध्ये 'द डीएओ' नावाच्या सामायिक निधीतून, संहितेतल्याच एका फटीचा उपयोग करून, कोणीतरी सुमारे ३६ लाख नाणी काढून घेतली. संहितेच्या दृष्टीने त्याने नियम मोडला नव्हता. तरीही महिन्याभरात, जुलैमध्ये, बहुमताने वहीच फिरवून लिहिली गेली आणि पैसे परत आले. ज्यांना हे पटले नाही ते जुनी वही घेऊन वेगळे झाले. पैसे परत करणे चूक होते असे मी म्हणत नाही. पण बुडणारे मोठे असले की नियमाला वळण देता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. संविधानातही दुरुस्ती होते. तिला अनुच्छेद ३६८ आहे, संसद आहे, न्यायालय आहे, आणि एका माणसाला एक मत आहे. या वहीच्या दुरुस्तीत माझ्या विद्यार्थ्याला किती मते आहेत?

आता 'हाव' या आरोपाविषयी. आपल्या पोरांनी यात पैसे घातले की सुखवस्तू मंडळी हाव सुटली म्हणतात; त्यांचा मुलगा शेअर घेतो तेव्हा ती गुंतवणूक असते. हा आरोप अन्याय्य आहे आणि त्याला उत्तर अमेरिकेच्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासात मिळते. दलित पँथरच्या पिढीने त्यांच्याकडून नाव घेतले, कविता घेतली. त्यांच्या बँकेची कथा मात्र आपल्याकडे फारशी आली नाही. १८६५ मध्ये, गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी, फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढण्यात आली. तिच्यामागे सरकार उभे आहे असा समज करून दिला गेला. १८७० मध्ये सनद बदलून तिला जमिनीच्या तारणावर कर्जे देण्याची मुभा मिळाली आणि ती कर्जे गोऱ्या सट्टेबाजांना गेली. १८७३ च्या मंदीनंतर बँक डबघाईला आली. मार्च १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष करण्यात आले, त्यांनी स्वतःचे पैसेही घातले, आणि जूनअखेर बँक बंद पडली. साठ हजारांवर ठेवीदारांचे सुमारे तीस लाख डॉलर अडकले. बुडणाऱ्या नावेवर ऐन वेळी आपला माणूस नाखवा म्हणून बसवण्याची ही कला आपल्यालाही परिचयाची आहे.

ज्या समाजाच्या आठवणीत अशी बँक आहे, आणि पुढे ज्याला त्याच्या वस्त्यांवर लाल रेघ ओढून घरकर्जे नाकारली गेली, त्याच्या तरुणांनी बँकेशिवायच्या पैशाकडे आशेने पाहिले तर ती हाव नव्हे. प्यू संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत कृष्णवर्णीय, आशियाई आणि हिस्पॅनिक प्रौढ गोऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात क्रिप्टोकडे वळलेले दिसले. त्यांच्या या आशेचा माल कसा करण्यात आला तेही पाहा. २०२१ मध्ये स्पाइक ली यांच्यासारख्या मान्यवर दिग्दर्शकाने, जुन्या पैशाने आपल्याला बाहेर ठेवले, नवा पैसा आत घेईल, अशा आशयाची जाहिरात एका बिटकॉइन यंत्रांच्या कंपनीसाठी केली. ती कंपनी २०२३ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. मधल्या २०२२ मध्ये टेरा कोसळले, एफटीएक्स कोसळले. शिखरावर आत घेतले गेलेले लोक कोण होते हे वेगळे सांगायला नको. शोषणाची भाषा शोषिताच्याच तोंडून वदवून त्यालाच माल विकणे, ही या बाजारावरची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. निळ्या पार्श्वभूमीवरचा संदेश त्याच जातकुळीचा आहे.

आपल्याकडे बँक बुडते तेव्हा काय होते? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना आधी फक्त हजार रुपये काढता येतील असे सांगण्यात आले. मुंबईतल्या शाखांपुढचा आक्रोश आपण पाहिला. तरी ठेवविमा होता, २०२० पासून त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली होती, मोर्चा न्यायला रिझर्व्ह बँकेचे दार होते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली तेव्हा ग्राहकांना डोळे लावावे लागले ते सिंगापूरच्या न्यायालयाकडे. बँक नको म्हणून निघालेला माणूस विमा नसलेल्या बँकेत जाऊन बसला. यात दोष सरकारचाही आहे. रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे बंदीवजा परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. त्यानंतर सरकारने २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि प्रत्येक व्यवहारावर १ टक्का कपात लावली, तोटा नफ्यातून वजा करण्याची मुभाही ठेवली नाही. ग्राहकाच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा मात्र केला नाही. जुगार म्हणायचे आणि अड्ड्यावर नाल काढायची, असा हा प्रकार.

विजेचा आक्षेप न्याय्य आहे. बिटकॉइनसाठी एखाद्या मध्यम देशाइतकी वीज जाते आणि ती ज्यांच्या हवेतून वसूल होते ते नाणी घेणारे नसतात. फक्त 'एका व्यवहाराला इतकी वीज' हा हिशेब चुकीचा आहे, कारण व्यवहार कमी झाले म्हणून वीज कमी होत नाही. वीज किमतीमागे धावते.

त्या विद्यार्थ्याला मी काय सांगितले? पुस्तक वाचायला दिले, आणि खानावळीचे पैसे आधी भरायला सांगितले. त्याने अर्धे विकले. उरलेल्याचे काय केले ते मी विचारले नाही.

एका गोष्टीकडे मात्र क्रिप्टोचलनावरच्या या सगळ्या गदारोळात आपले दुर्लक्ष झाले आहे. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सामान्यांसाठी डिजिटल रुपयाचे प्रयोग सुरू केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकेने जाहीर केले की या रुपयावर अटी घालता येतील अशी सोय तपासली जाईल: कशासाठी खर्च करायचा, किती मुदतीत करायचा. अनुदान योग्य ठिकाणी खर्च व्हावे म्हणून हे उपयुक्त आहे, असे सांगितले जाते. आपल्या मुलांची शिष्यवृत्ती हेही अनुदानच आहे. उद्या ती अशा रुपयांत आली, ठरलेल्याच दुकानात आणि ठरलेल्याच वस्तूंवर चालली, आणि गावी आजारी आईला पाठवता आली नाही, तर तो रोख रुपया राहील की बलुते होईल? नाण्यांचे भाव चढले-उतरले की त्यावर परिसंवाद होतात. या अटींवर झालेला एकही परिसंवाद माझ्या पाहण्यात नाही.